पोरगा पहिल्यांदा सापडतो तेव्हा: बालगुन्हेगारीकडे समाजशास्त्र कसं पाहतं

प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या एका माध्यमिक शिक्षकांचा आहे. त्यांच्या दहावीच्या वर्गातला सोळा वर्षांचा मुलगा चार मोठ्या पोरांबरोबर रात्री रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडताना सापडला. एकाच्या हातात कोयता होता. मुलाचे वडील कंपनीत कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. घरात दारू नाही, मारहाण नाही. मुलगा आता जामिनावर घरी आहे आणि मुख्याध्यापक त्याच्या हातात दाखला ठेवून मोकळं होण्याच्या विचारात आहेत. शिक्षक विचारतात: यात घर चुकलं, संगत चुकली की वस्ती? समाजशास्त्राकडे याचं उत्तर आहे का, आणि असलं तर त्याचा शाळेला काय उपयोग?

उत्तर आहे, फक्त ते ‘कोण चुकलं’ या प्रश्नाचं नाही. मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे अशा मुलाची माहिती काढून त्याच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी) म्हणून आणि पुढे बाल न्याय मंडळावर, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या गुन्ह्यांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळावर, सामाजिक कार्यकर्त्यांतली सदस्य म्हणून काम केलं. त्या कामातून आणि वाचनातून माझं मत असं झालं आहे की पहिल्या गुन्ह्याचं कारण खोदत बसून फार काही हाती लागत नाही. जी कारणं निघतात ती त्याच गल्लीतल्या, काहीही न केलेल्या वीस पोरांनाही लागू असतात. विचारायचं ते दुसऱ्या गुन्ह्याबद्दल. एकदा सापडून थांबलेली मुलं आणि पुढे जात राहिलेली मुलं, यांच्यात फरक कशानं पडतो? यावर समाजशास्त्राने बरंच काम केलं आहे, आणि त्या फरकात शाळेचा वाटा मोठा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८७६ साली इटलीतले डॉक्टर लोंब्रोझो कवट्या आणि जबडे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो म्हणाले. इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेऊन १९१३ मध्ये तो दावा मोडीत काढला. पण त्या दोघांच्याही आधी, १८३०च्या सुमारास, बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले फ्रान्सच्या न्यायालयांचे आकडे चाळत होते. गुन्हे करणारी माणसं दरवर्षी वेगळी, तरी गुन्ह्यांचा आकडा जवळपास तोच, हे त्यांच्या लक्षात आलं. शिवाय गुन्ह्यांचं प्रमाण तरुण वयात चढतं आणि मग वयाबरोबर उतरत जातं. गुन्ह्याकडे समाजशास्त्राच्या नजरेनं पाहणं सुरू होतं ते इथून. एका माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं हे बाजूला ठेवायचं आणि अमुक ठिकाणी, अमुक काळात, अमुक वयात गुन्हे का साचतात हे पाहायचं.

हे सर्वात नेटाने केलं ते शिकागोने. जगातलं पहिलं बालन्यायालय तिथेच, १८९९ साली उभं राहिलं. क्लिफर्ड शॉ हे त्या न्यायालयाचे परिविक्षा अधिकारी होते (आमच्याच जातकुळीचा माणूस, म्हणून मला त्यांच्याबद्दल अंमळ जास्त जिव्हाळा आहे). त्यांनी आणि हेन्री मॅके यांनी न्यायालयात आलेल्या हजारो मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर टिंबांनी मांडले, एकदा नव्हे तर वेगवेगळ्या दशकांसाठी. टिंबांची गर्दी दरवेळी त्याच पट्ट्यात: मुख्य बाजारपेठेला लागून असलेल्या, कारखान्यांच्या कडेच्या, भाड्याच्या खोल्यांच्या वस्त्यांत. नवल पुढेच आहे. त्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग पोलिश आणि इटालियन आले, नंतर दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. माणसं बदलली, भाषा बदलल्या, टिंबं तिथेच राहिली. आणि जी कुटुंबं चार पैसे जमवून बाहेरच्या पट्ट्यांत गेली, त्यांची मुलं बालन्यायालयात येणं कमी झालं. दोष ‘त्या लोकांत’ असता तर तो त्यांच्याबरोबर सामान बांधून गेला असता.

शॉ आणि मॅके यांचा निष्कर्ष बऱ्याचदा ‘गरिबीमुळे गुन्हे होतात’ असा सांगितला जातो. तो तसा नाही. गरिबी, भाडेकरूंची सतत ये-जा आणि एकमेकांना अनोळखी माणसांची गर्दी एकत्र आली की वस्तीतल्या मोठ्या माणसांचा पोरांवरचा वचक सैल होतो, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या पोराला ‘ए, शाळा नाही का आज?’ असं विचारायचा हक्क कुणाला वाटेनासा होतो. याची नीट मोजणी पुढे शिकागोतच झाली. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शहराच्या ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारलं: मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जिथे लोक ‘हो, पडतील’ म्हणाले आणि एकमेकांवर भरवसा ठेवत होते, तिथे हिंसा कमी होती. गरिबीचा हिशेब वजा केल्यावरसुद्धा.

हे अमेरिकेचं झालं, इथे काय, असं वाटेल. संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२०च्या दशकात मुंबईत आले, नागपाड्यात त्यांनी वस्तीकेंद्र चालवलं आणि १९३६ साली निघालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कचे ते पहिले संचालक झाले. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४चा. उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाचं डोंगरीचं रिमांड होम झालं ते १९२७ साली. महाराष्ट्रातलं या क्षेत्रातलं काम शिकागोच्या नकाशांच्याच काळात आणि बऱ्याच अंशी त्याच विचारातून उभं राहिलं.

आता तुमची वस्ती घ्या. अकरा महिन्यांचे भाडेकरार, बीड-लातूर-नांदेडपासून बिहारपर्यंतची माणसं, दोन्ही पालक शिफ्टमध्ये. चाळीच्या गॅलरीत कुणाचं पोर कुठे गेलं हे दहा जणांना माहीत असायचं. पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत दारं बंद आणि गच्चीची किल्ली पोरांकडे. तुम्ही वस्तीचं नाव कळवलं होतं, ते मी मुद्दाम इथे लिहिलेलं नाही. ‘ती वस्तीच तसली’ हे वाक्य शॉच्या नकाशातून निघत नाही, पण आपल्याकडे लोक नेमकं तेच काढतात.

दुसरा विचार रॉबर्ट मर्टन यांचा, १९३८ सालचा. समाज सगळ्यांना एकच स्वप्न विकतो, पण ते गाठायची शिडी सगळ्यांना देत नाही. या ताणातून माणूस कसा मार्ग काढतो? बहुतेक जण निमूट चालत राहतात, काही जण स्वप्न सोडून फक्त नियम पाळत बसतात, काही नशेत बुडतात, काही बंड करतात, आणि काही जण स्वप्न तेच ठेवून रस्ता बदलतात. मर्टन यांनी त्याला ‘नवा मार्ग शोधणं’ म्हटलं. आपण गुन्हा म्हणतो.

याचं महाराष्ट्रातलं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्याआधी लालबाग-परळच्या पोराला आयुष्याचा आराखडा ठाऊक असायचा: जमलं तर शिक, नाही जमलं तर बाप तुला ‘बदली’वर लावेल, काही वर्षांनी कायम होशील. ती शिडी एका पिढीत काढून घेतली गेली आणि आजूबाजूला शहर मात्र श्रीमंत होत गेलं. त्या काळात गिरणगावातली तरुण मुलं टोळ्यांकडे ओढली गेली, दगडी चाळीचा दबदबा वाढला, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन यांनी १९६० साली घातलेली भर कामाची आहे. त्यांचं म्हणणं, सरळ रस्ता बंद झाला म्हणून वाकडा आपोआप उघडत नाही. वाकड्या रस्त्यालाही भरती करणारे, शिकवणारे, पगार देणारे लागतात. गिरणगावात ते होते. जिथे अशी रचना नसते तिथे पोरं नुसती मारामारी करतात, आणि जिथे तीही जमत नाही तिथे नशा.

पण याच गिरणगावातल्या बहुसंख्य मुलांनी टॅक्सी चालवली, वडापावची गाडी लावली, सुरक्षारक्षक म्हणून बारा तास उभं राहिली. ताण सगळ्यांवर सारखा, वाटा वेगळ्या. ही मोठी मांडणी प्रमाण का वाढतं ते सांगते. तुमच्या वर्गातल्या नेमक्या मुलाबद्दल ती जवळपास काहीच सांगत नाही. अहवाल लिहिताना ‘आर्थिक परिस्थिती बेताची’ असं लिहून कारण सापडल्यासारखं करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या ओळीचा मंडळाला शून्य उपयोग असतो.

घराबद्दलही तसंच. ‘मोडकं घर’ हे लोकप्रिय उत्तर आहे, पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच दाखवतात की ताब्यात घेतलेली बहुसंख्य मुलं आईवडिलांजवळ राहणारी असतात आणि तीन चतुर्थांशाहून जास्त सोळा ते अठरा वयाची. घाबरून जाण्याआधी आणखी एक आकडा: २०२२ साली देशात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, त्याच वर्षी एकूण गुन्हे ५८ लाखांवर होते. बातम्या पाहून वाटतं तेवढी ही लाट नाही.

मग संगत. मंडळासमोर पाच पोरं एकत्र आली की पाचही बाप एकच वाक्य म्हणतात: ‘मॅडम, आमचा तसा नाही, बाकीच्या चौघांनी बिघडवला.’ एडविन सदरलँड यांनी १९३९ ते १९४७ दरम्यान मांडलेला विचार या बापांच्या वाक्यासारखा वाटतो, पण तसा नाही. गुन्हा शिकावा लागतो, असं ते म्हणतात. नुसतं कुलूप कसं तोडायचं एवढं नव्हे, तर कुलूप तोडणं ठीक का आहे, हेही. जवळच्या माणसांत कायदा मोडणं बरोबर ठरवणारं बोलणं जास्त कानावर पडलं, लवकर पडू लागलं, ज्याला मुलगा मानतो त्याच्या तोंडून पडलं, तर तराजू झुकतो. यात वाईट पोराचा स्पर्श महत्त्वाचा नाही. पोराच्या कानावर काय पडतं आणि कुणाकडून, ते महत्त्वाचं. म्हणून ‘त्यांच्यात जाऊ नको’ असं बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. दुसरं काही तितक्याच वजनाने सांगणारा माणूस त्याच्या आयुष्यात आहे का, हे पाहावं लागतं. आता त्यात मोबाइलची भर आहे. तलवारीने केक कापण्याची रील पाहिलेल्या मुलाला त्या ‘भाई’च्या शेजारी राहायची गरज उरलेली नाही.

आणि बरोबर का आहे हे पोरं कसं ठरवतात? मला सर्वात उपयोगी पडलेला सिद्धांत हाच. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७ साली दाखवलं की गुन्हा करणारी मुलं समाजाचे नियम धुडकावत नाहीत. नियम त्यांना मान्यच असतात, ती फक्त स्वतःपुरती पळवाट काढतात. त्या पळवाटा पाच, आणि पाचही तुम्हाला अस्सल मराठीत ऐकायला मिळतील. ‘मी फक्त गाडी चालवत होतो, मारलं त्यानं.’ ‘काचच फुटली ना, इन्शुरन्स मिळतो की.’ ‘त्यानं आधी आईवरून शिवी दिली.’ ‘पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत?’ आणि सर्वात जास्त ऐकू येणारं: ‘भावासाठी गेलो.’ हा भाऊ म्हणजे सख्खा नव्हे, हे सांगायला नकोच.

मुलाशी बोलताना यातलं कुठलं वाक्य येतं ते मी नेहमी टिपून ठेवायची. ‘भावासाठी’ म्हणणाऱ्या मुलाला कायद्याची कलमं ऐकवून काही होत नाही, कारण त्याला कायदा कळतोच. त्याने कायद्यापेक्षा मैत्री वर ठेवली. त्याच्याशी मैत्रीबद्दलच बोलावं लागतं: रात्री दोनला तुला पुढे करणारा तो भाऊ मंडळाच्या तारखेला आला का? ‘इन्शुरन्स मिळतो’ म्हणणाऱ्याची गाठ ज्याची गाडी फुटली त्याच्याशी घालून द्यावी. ती गाडी बऱ्याचदा एखाद्या रिक्षावाल्याची असते, हप्ते चालू असतात, आणि दोन दिवस धंदा बंद असतो. मुलाच्या चेहऱ्यावरचा तो क्षण कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करतो.

मॅट्झा यांनी पुढे असंही सांगितलं की ही मुलं गुन्हेगारी जगात ‘राहत’ नाहीत, ती दोन जगांच्या मध्ये तरंगत असतात. सोमवार ते शुक्रवार शाळा, गणेश मंडळाचं ढोल पथक, आईचा गॅस सिलिंडर वर नेणं, आणि एखाद्या रात्री कोयता. त्यांना किनाऱ्याशी बांधून ठेवणारं काय, याचं उत्तर ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ साली दिलं: कुणाशी तरी जिव्हाळा, गमावण्यासारखं काहीतरी पणाला लागलेलं असणं, दिवस कामात गुंतलेला असणं, आणि नियम न्याय्य आहेत यावर विश्वास. हर्शी यांनी प्रश्नच उलटा विचारला होता. पोरं गुन्हा का करतात हे विचारण्यापेक्षा बहुतेक पोरं का करत नाहीत ते विचारा. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांच्या उत्तरांत त्यांना घराशी आणि शाळेशी असलेले धागे महत्त्वाचे दिसले. परीक्षेत पहिला येण्याचा इथे संबंध नाही. एका तरी शिक्षकाला आपण काय करतो याने फरक पडतो, असं मुलाला वाटणं पुरे.

आता दुसऱ्या गुन्ह्याकडे येते. १९५१ साली एडविन लेमर्ट यांनी एक साधी विभागणी केली. पहिला नियमभंग कशामुळेही होतो: मस्ती, ईर्ष्या, भूक, दबाव. तो कळल्यावर समाज त्या मुलाशी ज्या रीतीने वागतो, त्या वागण्याला उत्तर म्हणून दुसरा घडतो. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हेच अधिक धारदार केलं: शिक्का बसला की माणसाच्या बाकी सगळ्या ओळखी त्याखाली जातात. तो कुणाचा मुलगा, चांगला गोलंदाज, गणितात बरा, हे सगळं पुसलं जाऊन ‘तो कोयतावाला’ उरतो. सरळ माणसं त्याला टाळतात, मग त्याला जवळ करणारे उरतात ते कोण, हे सांगायची गरज नाही.

हा अमेरिकी प्राध्यापकांचा तर्क आहे असं वाटत असेल तर त्याचा सर्वात मोठा आणि क्रूर प्रयोग आपल्याच मातीत झाला आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटा अशा कित्येक समाजांतलं मूल जन्मतःच संशयित. हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत, जिला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९चा. ऑक्टोबर २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलींतला या समाजांचा असा उल्लेख रद्द करावा लागला. गावाकडे चोरी झाली की पहिली धाड आजही पारध्यांच्या पालांवर पडते. त्या पालातला पंधरा वर्षांचा मुलगा निरीक्षणगृहात (जुन्या भाषेत रिमांड होममध्ये) येतो तेव्हा त्याच्या चुलत्याची आणि आजोबांची ‘रेकॉर्ड’ आधीच येऊन बसलेली असते. पहिल्या गुन्ह्याच्या आधीच शिक्का बसला, तर मुलाने सरळ वागून मिळवायचं तरी काय?

कोण पकडलं जातं हा प्रश्न इथेच येतो. १९५०च्या दशकात जेम्स शॉर्ट आणि इव्हान नाय यांनी शाळकरी मुलांना निनावी प्रश्नावली दिली, तेव्हा खात्यापित्या घरच्या मुलांनीही चोऱ्या, तोडफोड, मारामाऱ्या कबूल केल्या. न्यायालयाच्या आकड्यांत मात्र ती दिसत नव्हती. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. त्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, यावर महाराष्ट्र पेटला होता. पुढे घरच्या मोठ्या माणसांवर आणि डॉक्टरांवर रक्ताचा नमुना बदलल्याचे आरोप झाले. लोकांचा राग मला कळतो, पण त्यातून निघालेली, अशा मुलांना मोठ्यांसारखी शिक्षा करा ही मागणी मला पटली नाही. श्रीमंताच्या मुलाला संधी मिळाली हे दुखणं नाही. ती पत्र्याच्या खोलीतल्या मुलाला, जामिनाला उभं राहणारं कुणी नाही म्हणून, मिळत नाही, हे दुखणं आहे. आणि घरची माणसं ‘मॅनेज’ करू शकतात हे शिकलेल्या मुलाकडे सदरलँड पुन्हा लागू होतात. पांढरपेशा गुन्हेगारीवर पहिल्यांदा बोट ठेवणारेही तेच होते, १९३९ साली.

एक वेगळा गठ्ठा सांगून पुढे जाते. मंडळासमोर येणाऱ्या प्रकरणांत सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून गेले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागला, अशी प्रकरणं बरीच असतात. तिथे वस्ती, संगत, ताण काही शोधू नका. संमतीचं वय २०१२ साली अठरा झालं आणि प्रेमात पडलेली पोरं कायद्याच्या कक्षेत आली. गुन्हा म्हणजे काय हेही समाजच ठरवतो. मुलींच्या गुन्ह्यांबद्दल मात्र वर नाव घेतलेली बहुतेक मंडळी जवळपास गप्प आहेत. त्यांनी अभ्यासली ती मुलंच.

मग थांबतात कोण? मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दोन गट दाखवले: लहानपणापासून आक्रमक असलेला आणि पुढेही तसाच राहणारा छोटा गट, आणि किशोरवयात बहकून नंतर आपोआप थांबणारा खूप मोठा गट. जॉन लाउब आणि सॅम्पसन यांनी बॉस्टनच्या सुधारगृहांतल्या ५०० मुलांच्या जुन्या नोंदी शोधून त्यांचं पुढचं आयुष्य तपासलं. स्थिर नोकरी, बरा संसार, सैन्यातली भरती अशा वळणांवर बरेच जण सुटले. ज्यांच्या हातून शाळा आणि नोकरी कोवळ्या वयातल्या शिक्षेनेच हिरावली, त्यांना ही वळणं दिसलीच नाहीत.

पुरावा आणखी टोचरा आहे. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली २९ प्रयोगांचे निकाल एकत्र केले, ७,०००हून जास्त मुलांचे. काही मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं न्यायालयीन प्रक्रियेत पाठवलं होतं, काहींना त्याबाहेर ठेवलं होतं. प्रक्रियेतून गेलेल्यांनी नंतर कमी गुन्हे केले नाहीत. कल उलट, किंचित जास्तीकडे होता. तुरुंगात नेऊन कैद्यांकडून मुलांना दम देण्याचे अमेरिकी कार्यक्रमही असेच उलटले. आपल्याकडे ‘एक दिवस लॉकअप दाखवा, सुधारेल’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. लॉकअपमध्ये मुलाला ठेवणं मुळात बेकायदेशीर आहे, ते वेगळंच.

पण दुसऱ्या टोकाचाही भाबडेपणा नको. १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात शेकडो मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं दिली. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांना शोधून काढलं तर मदत मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा बरी नव्हती, काही बाबतींत वाईटच होती. चांगल्या मनाने केलेली मदतही शिक्का मारू शकते, विशेषतः बहकलेल्या पोरांना एकत्र गोळा करून ‘सुधारणा शिबिर’ भरवलं तर. निरीक्षणगृहात दोन आठवडे राहिलेला मुलगा नवे मित्र आणि त्यांचे नंबर घेऊन बाहेर येतो, हे तिथल्या कुणालाही विचारा.

आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात हे शहाणपण बरंच उतरलेलं आहे. मोठ्यांबरोबर केलेला किंवा निर्घृण गुन्हा सोडला तर मुलावर प्राथमिकी (एफआयआर) न नोंदवता फक्त स्टेशन डायरीत नोंद करावी, असं नियम सांगतात. जामीन हा नियम, नाकारणं अपवाद. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठी ती नोंद उघड करायची नाही. आणि जो मोठा माणूस मुलाला बेकायदा कामासाठी वापरतो त्याला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. तुमच्या प्रकरणातली ती चार ‘मोठी पोरं’ किती मोठी, हे पोलिसांनी पाहिलं का, एवढं जरूर विचारा. हे कलम मी फारच क्वचित लागलेलं पाहिलं आहे.

आता दाखल्याचं. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत. दहावीच्या मुलाला काढताना शाळेला तो कायदा आडवा येत नाही, म्हणून निर्णय खरोखर तुमच्या मुख्याध्यापकांच्या हातात आहे. दाखला दिला तर मुलाला बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून बसावं लागेल. ‘मी सतरा नंबर भरणार’ म्हणणारी मुलं मी खूप ऐकली, परीक्षेला बसलेली फार थोडी. दहावी गेली की आयटीआयचे बहुतेक चांगले ट्रेड गेले, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी पाच हा मुलगा कुठे असणार याचं उत्तर पुन्हा त्या चौघांकडे जातं. हर्शी यांचे चारही धागे शाळा एका सहीने तोडते. इतर पालक तक्रार करतील, खरं आहे. त्यांना सांगा की वर्गात त्याच्यावर एका शिक्षकाची नजर राहील, आणि ठेवाही. त्याला मागच्या बाकावर एकटं बसवू नका, सगळ्या शाळेसमोर ‘सुधारलेला मुलगा’ म्हणून उभंही करू नका. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं नाव जाऊ देऊ नका. मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे आणि त्यात शाळेचं नावही येतं.

आणखी एक काम लगेच करा. मंडळासमोर मुलगा पहिल्यांदा हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यात शाळेबद्दलचा रकाना बहुधा ‘अभ्यासात साधारण, वर्तन ठीक’ एवढ्यावर भरला जातो, कारण अधिकाऱ्याकडे प्रकरणांचा ढीग असतो आणि शाळेतून कुणी बोलत नाही. तुम्ही स्वतः पत्र लिहा: हजेरी किती, कुठल्या विषयात बरा, कुणाशी बोलतो, गेल्या सहा महिन्यांत काय बदललं, आणि शाळा त्याला ठेवून घेणार आहे का. गोडगोड लिहू नका, खरं लिहा. मंडळावर बसलेल्यांना फरक कळतो. पत्र येरवड्याला मंडळाच्या कार्यालयात परिविक्षा अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवस उलटून गेले असतील तरी द्या, चौकशी पूर्ण व्हायला चार महिने असतात आणि तोवर ते वाचलं जातं.